चादरीखालची मशीन

आदिलाबादला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कॉम्प्युटर विकायचं नव्हे, जोडून द्यायचं. विकणाऱ्याकडे बंद खोका येतो आणि बंद खोकाच गिऱ्हाइकाच्या घरी जातो, त्यात अक्कल लागत नाही. आमच्याकडे रिकामा डबा, मदरबोर्ड, रॅम, पंखा असं सगळं सुटं येतं आणि आम्ही ते बसवून त्याची मशीन करतो. त्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रोसेसर. दिसायला दोन बोटं रुंदीची चौकोनी चकती, पण मशीनचं डोकं तेच. आमच्या कामाची अशी डोकी बनवणाऱ्या कंपन्या दोनच. एकीचं स्टिकर निळं, दुसरीचं लाल. त्यांची नावं इथे सांगायची गरज नाही, कारण बेल्याकडच्या खेड्यांतून येणारं गिऱ्हाईकही कधी नाव घेत नाही. ते म्हणतं, "निळ्यावाली द्या."

ते तसं म्हणतं, कारण मीच त्याला तसं म्हणायला शिकवलं होतं.

मी हैदराबादला कोर्स करून आलो आणि दुकान टाकलं, तेव्हा कॉम्प्युटर मराठीत समजावून सांगणारा माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता. ऑफिसं, शाळा, जिनिंगवाले, बियाण्यांचे दुकानदार, सगळे माझ्याच पायरीवर. निळी कंपनीही तेव्हा खरोखर पुढे होती, त्यामुळे मी खोटं काही सांगत नव्हतो. पण खरं बोलणाऱ्या माणसालाही आपल्या बोलण्याची चटक लागते. मी एक भाषणच बसवलं होतं. "हे बघा, लाल म्हणजे नुसता जोर. निळी म्हणजे खानदान." इथे थांबायचं, चष्मा पुसायचा. "डोळे झाकून घ्या." हे भाषण मराठीत होतं, उर्दूमिश्रित हिंदीत होतं, आणि तेलुगूतही होतं, फक्त तेलुगूत खानदानाच्या जागी मी नुसता हात वर करायचो.

दरवर्षी निळीची नवी पिढी यायची. खोक्यावरचा नंबर बदलायचा, स्टिकर थोडं चकचकीत व्हायचं. आत काय बदलायचं? फार नाही. प्रोसेसरला कोर असतात, म्हणजे काम करणारे हात. निळीचे चार. यंदा कापूस वेचायला चार बायका, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच चार, फक्त लुगडी नवी. वर गंमत अशी की नव्या डोक्याच्या खालची रचना कंपनी मुद्दाम बदलायची, म्हणजे ते जुन्या मदरबोर्डात बसत नसे आणि बोर्डही नवाच घ्यावा लागे. याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. कंपनी तिकडे निवांत होती आणि तिच्या जिवावर मी इकडे निवांत होतो. दुकानात मी एक फिरती खुर्ची आणली होती, ती मी भिंतीकडे वळवून वामकुक्षी घ्यायचो. कुणी तक्रार घेऊन आलं तर न वळताच सांगायचो, "बंद करून चालू करा." दहापैकी सात जणांचं तेवढ्यावर भागायचं आणि ते माझी हुशारी सांगत गावाला जायचे.

त्या दिवसांत मी दुकानाच्या मागच्या खोलीत तीन महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्सही घ्यायचो. त्यात एकदा बाजारहत्नूरहून एक मुलगी आली. वडील भाजी पिकवायचे आणि आठवडी बाजारात स्वतःच बसून विकायचे. ही पहिल्याच आठवड्यात मला डोक्याला ताप वाटायला लागली, कारण ती प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळालं तरी विचारायची थांबायची नाही.

"सर, हे मागच्या पिढीचं अन् हे यंदाचं. आत काय बदललं जी?"

"पिढी बदलली," मी म्हणालो.

"ते समजलं. पन मी घड्याळ लावून पाह्यलं. एकच काम दोघाइले देल्लं. जेवायले बसू अन् उठू इतकाबी फरक नाई पडला."

मी तिला सांगितलं की कोर्स शिकण्यासाठी असतो, घड्याळं लावण्यासाठी नसतो. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावलं. कोर्स संपल्यावर तिनं माझ्या दुकानात काम मागितलं. मी नाही म्हणालो. कारण असं सांगितलं की दुकानात दोघांपुरतं काम नाही. खरं कारण हे होतं की माझ्या भाषणाच्या वेळी तिनं समोर उभं राहावं, हे मला नको होतं.

वर्षभरात तिनं माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, एक शटर भाड्यानं घेतलं.

निळीचा माल आमच्याकडे ज्या व्यापाऱ्याकडून यायचा तो माझा जुना दोस्त. त्यानं तिला माल दिला नाही. मी त्याला तसं सांगितलं होतं का? सांगितलं नव्हतं, पण त्यानं विचारल्यावर मी जो चेहरा केला तो सांगण्यासारखाच होता. मग तिनं लाल आणली. मी आपल्या खुर्चीवरून समोर बघत होतो आणि मला खरंच तिची कीव आली. लाल कंपनी तेव्हा बुडायला आली आहे अशी चर्चा होती. आता बुडणाऱ्याला धरून ही पोरही बुडणार, असं मी घरी बायकोला सांगितलं.

पण लालवाले बुडायचे राहिले. झोपलेल्याच्या शेजारी जागा माणूस काय काय करतो, तसं त्यांनी केलं. चार हातांच्या भावात त्यांनी सहा-आठ हातांचं डोकं काढलं. आणि ते दरवर्षी जुन्याच बोर्डात बसेल असं ठेवलं. हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं. कंपन्या काहीही लिहितात असं माझं मत होतं, आणि ते मत मी फक्त लाल कंपनीपुरतं वापरायचो.

समोरच्या दुकानात मात्र रोज काहीतरी चालायचं. तिनं काउंटरवर एक मशीन मांडून ठेवली होती, झाकण काढलेली, आतलं सगळं दिसेल अशी. गिऱ्हाईक आलं की ती भाषण करायची नाही. म्हणायची, "तुमचं रोजचं काम काय हाय? ते पेन ड्राइवात घेऊन या, अन् इथं करून पाहा. मंग घ्या." गावोगावचे सुविधा केंद्रवाले, फोटोवाले, लग्नाच्या व्हिडिओवाले आपापलं काम घेऊन यायचे, तिचं मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलेलं असायचं, आणि चार माणसं त्या घड्याळाभोवती गोळा व्हायची. मला हा पोरखेळ वाटायचा. डॉक्टरकडे गेल्यावर कुणी आधी एक टाका घालून दाखवा म्हणतं का?

एका रविवारी मी आणि बायको बाजारातून आलो. मी भेंडी नेहमी स्वतः घेतो, कारण भेंडी घेण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून पाहायचा. टचकन मोडला तर कोवळी, वाकला तर जून. भाजीवाला कितीही वैतागला तरी मी मोडल्याशिवाय घेत नाही. त्या दिवशी पिशवी ओट्यावर ओतताना बायको म्हणाली, "पावभर भेंड्या घ्याले तुमी अर्धा घंटा लावता. एकेक मोडून पाहता. अन् लोकाइले कम्प्युटर मात्र डोळे झाकून घ्या म्हनता."

"भेंडीचं वेगळं," मी म्हणालो.

"काऊन वेगळं?"

मी वर्तमानपत्र उघडलं. मग लक्षात आलं की समोरच्या पोरीचे वडील भाजी विकतात, आणि शेंडा मोडून पाहा हे ती जन्मापासून ऐकत आली असणार. पण हे लक्षात आलेलं मी कुणाला सांगितलं नाही.

माझी बायको गणित शिकवते, बेल्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत. हीच माझी शाळा. मी तिथे शिकलो आणि माझे वडील तिथे चपराशी होते. आमचं घर बौद्धवाड्यात, वडील आधी दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे, मग शाळेत लागले. घंटा वाजवायची, खोल्या झाडायच्या, हेडमास्तरांचा चहा आणायचा. शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. त्या शाळेत एक मोठी खोली होती, तिथे मोडकी बाकं ठेवायचे. मी हैदराबादहून आल्यावर वडील मला एकदा तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "या खोलीत कम्प्युटर बसतीन तं तुयाच हातचे बसले पायजे." तेव्हा शाळेत पंखासुद्धा नव्हता. ते गेल्यावरही ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. मी निवांत माणूस आहे, पण ही एक गोष्ट मला मनापासून हवी होती.

तो योग पाच-सहा वर्षांपूर्वी आला. शाळेतून शिकून बाहेर गेलेल्या काही जणांनी मिळून बारा कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं, मोडकी बाकं निघाली, खोलीला रंग लागला. हेडमास्तर माझे जुने गिऱ्हाईक. काम मलाच मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. खोलीच्या दारावर कोणत्या रंगाची पाटी लावावी हेसुद्धा मी सुचवून आलो होतो.

आणि मग समोरचीनंही अर्ज दिला.

समितीत हेडमास्तर, तेलुगू शिकवणारे एक सर आणि माझी बायको. बायकोनं पहिल्याच बैठकीत सांगितलं की अर्जदार माझा नवरा आहे, म्हणून मी मत देणार नाही. मला बरं वाटलं, माणसानं असंच सरळ असावं. मग ती पुढे म्हणाली की मत देणार नाही, पण परीक्षा मी घेईन. दहावीचे पेपर तपासताना उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकतात ना, तसं करू. दोघांनी एकेक मशीन आणायची, दोन्हीवर चादर टाकायची, कोणती कुणाची हे कुणाला कळू द्यायचं नाही, आणि दोन्ही मशीनना शाळेचं खरं काम द्यायचं. हे तिनं घरी आल्यावर मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

"मले आधी सांगतलं असतं तं?" मी म्हणालो.

"आता सांगून राह्यली ना. पेपर फुटला तं परीक्षा कायची?"

तुम्हाला वाटेल, मी कामाला लागलो असेन. नाही लागलो. मी दुकानातल्या काचेच्या कपाटात, कोर्सच्या दिवसांपासून दाखवायला ठेवलेली मशीन उचलली. ती तीन-चार पिढ्या मागची होती, पण पिढ्यांत काही फरक नसतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? धूळ पुसली आणि नवं निळं स्टिकर लावलं. चादरीखाली स्टिकर दिसणार नाही हे मला ते लावल्यावर आठवलं.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या चपराशानं आमच्या मशीन आत नेल्या, चिठ्ठ्या टाकून एक आणि दोन नंबर दिले, आणि शाळेचेच दोन सारखे मॉनिटर जोडले. तोवर आम्हा दोघांना स्टाफरूममध्ये चहा दिला होता. ती माझ्यासमोर बसून बिस्किट बुडवत होती. "सर, तब्येत बरी हाय ना?" तिनं विचारलं. मी मोठेपणानं मान हलवली.

खोलीत गेलो तर दोन टेबलं. एका मशीनवर स्टाफरूमच्या टेबलाचा हिरवा कपडा, दुसरीवर फुलाफुलांची चादर. ती चादर आमच्या घरची होती. बायकोनं पेपर काढला तो असा: शाळेच्या सगळ्या वर्गांचा वर्षाचा निकाल एका पत्रकात, त्याच वेळी सगळ्या मुलांचे फोटो ओळखपत्राच्या मापाचे करायचे, आणि मागे स्नेहसंमेलनाचा लांबलचक व्हिडिओ छोटा करायला लावायचा. तिन्ही कामं एकदम. मी मनात म्हटलं, एवढं कोण एकदम करतं? तेवढ्यात तेलुगूचे सर म्हणाले की मार्च महिन्यात शाळा रोज एवढंच एकदम करते.

बायकोनं दोन्ही मशीनवर कामं सुरू केली. हिरव्या कपड्याखालची मशीन लागली पळायला. निकाल झाला, फोटो झाले, व्हिडिओची रेघ सरसर पुढे सरकत होती. फुलांच्या चादरीखालची मशीन पहिल्या फोटोंवरच अडून बसली. स्क्रीनवरचं गोल गोल फिरत राहिलं. हेडमास्तर दोन्हींकडे बघून वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांना प्रत्येक गोष्टीचा ठराव लिहायची सवय आहे, अक्षर मोत्यासारखं. थोड्या वेळानं हिरव्याखालची पूर्ण झाली. तास संपल्याची घंटा झाली तरी दुसरीचं गोल फिरतच होतं.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुमी यातले जानकार. काय म्हनता?"

इथे शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. पण मला भाषणासाठी विचारलं होतं. मी हिरव्या कपड्याजवळ जाऊन उभा राहिलो, त्यावर हात ठेवला आणि चष्मा पुसला.

"सर, याला म्हणतात खानदान," मी म्हणालो. "तीन कामं एकदम दिली, पण कुठे दम लागला? कुठे अडखळली? ज्या कंपनीनं मेहनत घेतली आहे तिचं काम असं बोलतं. ही मशीन दहा वर्षं तुमच्या पोरांना दगा देणार नाही, माझा शब्द." मग मी फुलांच्या चादरीकडे वळलो. वळायला नको होतं. "आणि हे बघा. ज्यानं ही आणली त्याला दोष देत नाही मी. पण जुना, पडून राहिलेला माल पुसून-बिसून आणला की असं होतं. धूळ पुसता येते, सर, सुस्ती पुसता येत नाही."

हे शेवटचं वाक्य मला तिथेच सुचलं होतं आणि मला ते फार आवडलं. तेलुगूच्या सरांनी "बागुंदी" म्हणून दाद दिली. हेडमास्तर सगळं शब्दन् शब्द वहीत उतरवत होते. ती मुलगी कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभी होती. हरलेल्या माणसाला असंच वाटणार, असं मला वाटलं, आणि मी तिला म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. शिकायला मिळालं ना?"

"हो सर," ती म्हणाली.

बायकोनं चादरी काढल्या.

हिरव्या कपड्याखाली लाल स्टिकर होतं. माझ्या घरच्या फुलांखाली माझी मशीन होती, नवं निळं स्टिकर लावलेली. माझ्या मशीनचं गोल अजून फिरतच होतं.

मी त्या पोरीला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"पहिल्याच मिनिटाले. तुमचा पंखा घरघर करते ना, सर. दुकानातबी तसाच करे."

असल्या पंख्यांच्या शेजारी पंधरा वर्षं बसून माझा कान मेला होता. "मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "तुमाले मधात कोन थांबवते?"

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. आम्ही त्या रुळाच्या तुकड्याखाली उभे राहिलो. ते भले माणूस आहेत आणि मला लहानपणापासून ओळखतात.

"वहीची पानं नंबरी हायेत, फाडता येत नाई," ते हळूच म्हणाले. "पन खाली लिवता येते. तथापि. तथापि, जुने संबंध आनि दिवंगत वडिलांची सेवा पाहता, बारा मशीन यांच्याकडूनच घ्याव्या. तुमी नव्या पिढीच्या आना, झालं. ती पोरगी लहान हाय, तिले पुढं भेटते काम."

खरं सांगतो, मला ते हवं होतं. शाळेतून ही बातमी बाहेर गेली की अख्खं बेला आणि बाजारहत्नूर माझ्यासमोरून रस्ता ओलांडून तिच्याकडे जाणार हे मला कळत होतं. आणि ती खोली तिथेच होती, रंग लावलेली. मी हो म्हणणारच होतो. पण तो 'तथापि' माझ्या कानात अडकला. वडिलांची अठरा वर्षांची नोकरी हंगामीच राहिली, कायम झाली नाही. त्यांच्या मिसलीत, म्हणजे नोकरीच्या फायलीत, काय लिहिलं होतं ते एकदा एका कारकुनानं वाचून दाखवलं होतं. इमानदार आदमी. कामात चोख. तथापि. पुढचं वडिलांनी ऐकूनच घेतलं नव्हतं, ते सायकल घेऊन निघून आले होते. त्यांच्याच नावानं तसला तथापि मी त्या पोरीच्या कपाळी लिहू देणार होतो.

मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की मी हेडमास्तरांवरच ओरडलो. "काही तथापि लिवू नका," मी म्हणालो. "जे सांगतलं ते खरं सांगतलं मी. तेच राहू द्या."

आत जाऊन त्यांनी ठराव वाचून दाखवला. "ज्येष्ठ तज्ज्ञांनी दिलेल्या स्पष्ट अभिप्रायानुसार" बारा मशीन समोरच्या दुकानाकडून घ्यायचं ठरलं होतं. खाली ज्येष्ठ तज्ज्ञांचे दस्तखत हवे होते. मी केले. धूळ पुसता येते हे वाक्यही ठरावात जसंच्या तसं होतं.

घरी येताना मोटारसायकलवर मागे बसून बायको मग म्हणाली, "भाषन मात्र चांगलं झालं." थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो घर येईपर्यंत काढला नाही.

आठवड्यानं समोरची रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. कोर्स संपल्यापासून पहिल्यांदाच. मी खुर्ची भिंतीकडे वळवणार होतो, पण तिनं आधीच हाक मारली.

"सर, बारा मशीन जोडाच्या हायेत, अन् शाळेतच जोडा म्हनते हेडमास्तर, पोराइले दिसलं पायजे म्हनून. एकटीनं होत नाई. याल का?"

मी म्हणालो की मला वेळ नाही. समोर गिऱ्हाईक नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. ती उभीच राहिली.

"लाल मी कदीच जोडली नाई," मी शेवटी म्हणालो.

"मी शिकवतो ना जी," ती म्हणाली. आमच्याकडे पोरीसुद्धा असंच बोलतात, पण त्या दिवशी मला ते शब्द फारच मोठ्या माणसाचे वाटले.

तर मी त्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसलो. जिथे वडील झाडू मारायचे तिथे. खिडकीत दोन-तीन वर्गांची मुलं लटकली होती. लाल कंपनीची चकती मी पहिल्यांदा हातात घेतली. खालच्या बाजूला बारीक पिनांचं रान, एक जरी वाकली तर डोकं गेलं. तिनं दाखवलं तशी मी ती बोर्डावर सोडली, दाबली नाही, आणि ती आपली आपण बसली. मग वर डोकं थंड ठेवणारा लेप, वर पंखा. पहिली मशीन सुरू झाली तेव्हा मला वडिलांची फार आठवण आली. डोळे भरून आले, ते मी लेपाच्या वासावर ढकललं. स्टिकर लाल होतं, पण हात माझे होते.

दोघंही जोडायचो, तपासायची मात्र ती. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. प्रत्येक मशीनला तेच काम, तीच वेळ. सहा माझ्या, सहा तिच्या. माझी पहिली पास झाली, दुसरी पास झाली. तिसरीच्या वेळी ती घड्याळाकडे बघत राहिली, मग तिनं डब्यावर तळहात ठेवून बघितलं.

"सर, तापून राह्यली. लेप कमी पडला वाटते."

खिडकीतली मुलं ऐकत होती. दाराशी बायको वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. पंधरा वर्षं मी लोकांना अशा वेळी एकच गोष्ट सांगत आलो होतो, आणि ती माझ्या तोंडाशी आलीही होती: बंद करून चालू करा.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डबा परत उघडला.